सेवाग्रामचा ढोलक आणि नागासाकीची मुले

१९४५ च्या जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेसचे ३२ वे अधिवेशन नागपुरास भरले. त्याच्या अध्यक्षपदी डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांची निवड झाली होती, आणि मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या त्या राजधानीत देशभरातून जमलेल्या पदार्थविज्ञानवेत्त्यांना, रसायनज्ञांना व भूगर्भशास्त्रज्ञांना, अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांताच्या एका एकाकी पठारावर त्याच दिवसांत अणुबाँब बनविण्याचा उद्योग चालला आहे याचा पत्ता असण्याचा संभव नव्हता. पुढे २९ वर्षांनी, १९७४ च्या जानेवारीत, त्याच काँग्रेसचे ६१ वे अधिवेशन पुन्हा नागपुरासच भरले, आणि त्यानंतर साडेचार महिने उलटतात न उलटतात तोच, १८ मे रोजी, पोखरणच्या वाळूखाली भारताने आपला पहिला अणुस्फोट केला. योगायोगाला इतिहासात कारणाचा दर्जा देऊ नये हे मला मान्य आहे, आणि या दोन अधिवेशनांचा त्या दोन घटनांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा माझा लेशमात्र हेतू नाही. परंतु अणुयुगाच्या हकिगतीत ज्या शहराचे नाव सहसा कोणी घेत नाही, त्या शहराच्या आसमंतात या युगाची दुसरी बाजू, म्हणजे बाँबने पोळलेल्या माणसांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या तरुणांनी देशोदेशी हिंडून मांडलेली फिर्याद, बरीच खोलवर गेलेली आहे. आणि तिचा एक धागा तर बाँब पडण्याच्या बारा वर्षे आधी वर्ध्यास कातला गेला होता.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर पहिला बाँब पडला, आणि ९ ऑगस्टला अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर दुसरा. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली. त्या वेळी गांधीजी शिमल्याची बोलणी फिसकटल्यावर सेवाग्रामला परतले होते, आणि नागपूर-वर्ध्याच्या राजकीय वर्तुळाचे लक्ष जपानकडे नव्हते, तर १९४२ च्या उठावात फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या सात कैद्यांकडे होते. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी सरकारदरबारी चालविलेली खटपट निर्णायक टप्प्यास येऊन पोहोचली होती. सात माणसांचा जीव आणि एका शहरातील लाखभर माणसांचा जीव यांची तुलना करून लोकांनी कशाची चिंता करावयास हवी होती हे ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही; सातांची नावे ठाऊक होती, त्यांच्या बायकामुलांचे चेहरे पाहिलेले होते, आणि हिरोशिमा हे नाव नागपूरच्या बहुतेक वाचकांनी त्या आठवड्यात प्रथमच वाचले असणार. गांधीजीही प्रारंभी जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. १९४६ च्या जुलैत 'हरिजन'मध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिला, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की दोस्तांच्या शस्त्रांस लाभलेला विजय हा पोकळ विजय आहे, जपानचा आत्मा त्यामुळे तूर्त नष्ट झाला असेलही, पण नाश करणाऱ्या राष्ट्राच्या आत्म्याचे काय झाले हे कळावयास अद्याप अवकाश आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, मृत्यूच्या काही तास आधी, अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट हिने घेतलेल्या मुलाखतीतही अणुबाँबचा प्रश्न होता.

परंतु जपानशी सेवाग्रामचे नाते या बाँबमुळे जडले नव्हते. ते जडले होते निचिदात्सु फुजी नावाच्या एका जपानी भिक्षूमुळे. निचिरेन पंथाच्या परंपरेतील 'निप्पोन्झान म्योहोजी' हा संघ स्थापन करणारे हे फुजी जपानच्या कुमामोतो प्रांतात १८८५ साली जन्मले, आणि त्यांच्या जन्माची तारीख ६ ऑगस्ट होती. बौद्धधर्म भारतातून पूर्वेकडे गेला, आता तो पूर्वेकडून भारतास परत द्यावयाचा, अशा श्रद्धेने ते १९३१ मध्ये कलकत्त्यास उतरले, आणि ४ ऑक्टोबर १९३३ रोजी वर्ध्यास त्यांची व गांधीजींची भेट झाली. सेवाग्राम तेव्हा अस्तित्वात नव्हते. शेगाव नावाच्या त्या खेड्यात गांधीजी १९३६ मध्ये राहावयास गेले, आणि १९४० मध्ये त्याचे नाव बदलले. भेट झाली त्या महिन्यात गांधीजी वर्ध्यास राहून हरिजनयात्रेची तयारी करीत होते, आणि ७ नोव्हेंबरला तेथूनच ती यात्रा निघाली. अस्पृश्यतेविरुद्ध देशभर हिंडावयास निघालेला एक मनुष्य आणि हातात पंख्याच्या आकाराचा लहानसा ढोलक घेऊन, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा आपला छोटासा मंत्र म्हणत देशोदेश तुडवावयास निघालेला दुसरा, या दोघांस एकमेकांची भाषा येत नव्हती. पण पायी चालणे हे दोघांसही धर्मकृत्यच वाटत होते. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणू लागले, आणि आजही वर्ध्याकडे त्यांचे नाव फुजी गुरुजी असेच घेतले जाते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. फुजींच्या संघाची आरंभीची मंदिरे मांचूरियात उभी राहिली, आणि मांचूरियात जपानी फौज जपानी भिक्षूंच्या पुढे चालत होती. युद्धापूर्वीचे फुजी आणि युद्धानंतरचे फुजी यांच्यात जे अंतर आहे ते काही भक्तांस मान्य नसेल, पण मला ते अंतर त्यांच्या मोठेपणाला बाध आणणारे वाटत नाही. उलट आपल्या राष्ट्राच्या तलवारीचा स्पर्श झालेला मनुष्य पुढे ती तलवार टाकून देण्याचा उपदेश करतो, तेव्हा त्या उपदेशाला काही वजन असते.

फुजींचे शिष्य सेवाग्रामात राहिले आणि आश्रमाच्या प्रार्थनेत सामील होऊ लागले. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, आणि शत्रुराष्ट्राचा प्रजाजन म्हणून आश्रमातील जपानी भिक्षूस पोलिसांनी ताब्यात घेतले. जाताना तो आपला रोजचा मंत्र आणि ढोलक मागे ठेवून गेला. १९४२ च्या जुलैत, म्हणजे 'छोडो भारत'च्या ठरावापूर्वी अवघे काही दिवस, गांधीजींनी 'हरिजन'मधून समस्त जपानी जनतेस उद्देशून एक पत्र लिहिले, आणि त्या पत्रात, चीनवरील आक्रमणाबद्दल जपानची कडक शब्दांत कानउघाडणी करून व भारतात याल तर आम्ही तुमचा प्रतिकार करू असे स्पष्ट बजावूनही, त्यांनी या भिक्षूच्या सौम्यतेचा, कर्तव्यनिष्ठेचा आणि प्रार्थनेस न चुकता येण्याचा उल्लेख केला, आणि त्याच्या स्मृत्यर्थ आमची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आता त्याच्याच मंत्राने व ढोलकाने सुरू होते असे कळविले. ब्रिटिश सरकारच्या लेखी ज्याचा मुलूख शत्रूचा होता त्याचा मंत्र ब्रिटिश हिंदुस्थानातील एका आश्रमात रोज म्हटला जात होता, आणि त्याला कोणाची हरकत चालली नाही. आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेत तो मंत्र पुढेही कायम राहिला.

बाँब पडला त्या दिवशी फुजींना ६० वर्षे पूर्ण झाली. युद्धानंतर त्यांनी आपले उरलेले आयुष्य शांतिस्तूप बांधण्यास आणि अण्वस्त्रांविरुद्धच्या पदयात्रांना दिले. पहिला स्तूप १९५४ मध्ये कुमामोतो येथे पुरा झाला. भारतात राजगीरच्या रत्नगिरीवरील विश्वशांतिस्तूपाचे उद्घाटन १९६९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांच्या हस्ते झाले, आणि पाठोपाठ ओडिशातील धौलीच्या टेकडीवर, म्हणजे जेथे कलिंगयुद्धाच्या संहाराने अशोकाचे मन पालटले असे सांगतात तेथे, दुसरा स्तूप उभा राहिला. फुजी १९८५ च्या जानेवारीत वारले. वर्ध्यास गीताई मंदिराजवळचा पांढरा विश्वशांतिस्तूप त्यांच्या पश्चात, १९९३ मध्ये, पूर्ण झाला. नागपूरहून सेवाग्रामला सहलीस जाणारी शाळकरी मुले तो पाहतात, चार दिशांच्या चार सुवर्णमूर्तींपुढे छायाचित्रे काढतात, आणि तो येथे का आहे हे त्यांच्यापैकी बहुतेकांस कोणी सांगत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे स्तूप बांधले जात होते त्या माणसांकडे वळू. हिरोशिमा व नागासाकीतील वाचलेल्या लोकांना, म्हणजे जपानी भाषेत ज्यांना हिबाकुशा म्हणतात त्यांना, पहिली काही वर्षे आपली हकिगत बाहेर सांगण्याचीही मुभा नव्हती. सप्टेंबर १९४५ पासून १९५२ मध्ये अमेरिकन अंमल संपेपर्यंत जपानी वृत्तपत्रांवर जी नियंत्रणे होती, त्यांत बाँबच्या परिणामांचे वर्णन हा जवळजवळ वर्ज्य विषय होता. अमेरिकनांनी स्थापिलेला 'अणुबाँब हताहत आयोग' त्यांचे रक्त तपासून नोंदी ठेवी, पण औषधोपचार करणे आपल्या कक्षेत येत नाही असे म्हणे. त्यांच्या स्वतःच्या देशातही या लोकांस चाकरी मिळेना आणि त्यांच्या मुलींशी लग्न करावयास लोक कचरू लागले, कारण त्यांचा आजार सांसर्गिक किंवा आनुवंशिक आहे अशी समजूत पसरली होती. तेव्हा बहुतेकांनी आपले व्रण झाकून, आपला पत्ता बदलून, गप्प राहणेच पसंत केले.

ही कोंडी फोडली ती एका मासेमारी नौकेने. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, आणि तिची राख 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५' या जपानी नौकेवरील २३ खलाशांवर पडली. नौकेचे रेडिओवाले आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी या चाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करावयास प्रारंभ केला, आणि पाहता पाहता जपानभर त्या सह्यांची संख्या तीन कोटींवर गेली. भारतातही या घटनेची दखल सर्वोच्च पातळीवरून घेतली गेली: २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या ताबडतोब थांबविण्याची मागणी केली, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात ते स्वतः हिरोशिमास जाऊन आले. त्याच नेहरूंच्या अखत्यारीत १९५४ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकारचे अणुशक्ती खाते निर्माण झाले, हेही तेवढेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याने एकाच वर्षात आणि प्रामाणिकपणे केल्या, हे ज्याला समजले त्याला आपल्या पुढच्या पन्नास वर्षांच्या धोरणाची गुरुकिल्ली सापडली असे मी मानतो.

१० ऑगस्ट १९५६ रोजी नागासाकीत बाँबग्रस्तांच्या संघटनांनी एकत्र येऊन 'निहोन हिदांक्यो' हा आपला राष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन घटनांस एकमेकींची खबर नव्हती, आणि एका शहरावर आकाशातून आलेले संकट व एका समाजावर शेकडो वर्षे लादलेला अन्याय यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. तरी पण नागपूरच्या वाचकाला या दोन तारखा शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही. दोन्हीकडे ज्यांना स्पर्श करू नये, ज्यांच्या घरात सोयरीक करू नये, असे शेजारीपाजारी बोलत होते, त्या माणसांनी आता आपण लपावयाचे नाही असे ठरविले. आणि दोन्हीकडे हा निश्चय सूडाच्या भाषेत उच्चारला गेला नाही. हिदांक्योच्या स्थापनेच्या जाहीरनाम्यात आमच्या अनुभवातून आम्ही स्वतःलाही वाचवू आणि मानवजातीलाही वाचवू अशा आशयाची प्रतिज्ञा आहे, आणि ती करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या अंगावरचे व्रण अजून ओलेच होते.

प्रतिज्ञा करणे वेगळे आणि ती परदेशी नेणे वेगळे. भाषा येत नव्हती, पैसा नव्हता, आणि अनेकांची प्रकृती प्रवासास योग्य नव्हती. १९६२ मध्ये हिरोशिमास राहणाऱ्या बार्बरा रेनॉल्ड्स या अमेरिकन बाईंनी, ज्यांचे पती पूर्वी वर सांगितलेल्या 'अणुबाँब हताहत आयोगा'त नोकरीस होते आणि ज्यांनी १९५८ मध्ये कुटुंबासह आपली शिडाची नौका अमेरिकेच्या चाचणीक्षेत्रात घुसविली होती, दोघा हिबाकुशांस बरोबर घेऊन एक शांतियात्रा काढली. त्यांपैकी मात्सुबारा मियोको बाँबच्या दिवशी १२ वर्षांची शाळकरी मुलगी होती आणि शहरातील घरे पाडून आगीसाठी मोकळे पट्टे करण्याच्या कामावर इतर मुलींबरोबर तिला जुंपलेले होते. दुसरा हानाबुसा हिरोमासा हा तरुण विद्यार्थी होता. ही मंडळी अमेरिका, युरोप व सोव्हिएत रशिया हिंडून जिनीव्हास गेली, जेथे अठरा राष्ट्रांची निःशस्त्रीकरण समिती बसली होती आणि भारत त्या अठरांतील एक होता. त्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९६२ रोजी, फुजींच्या संघाचा सातो ग्योत्सु नावाचा भिक्षू तिघा तरुणांना घेऊन हिरोशिमाहून निघाला, आणि आशिया ओलांडून २७ जानेवारी १९६३ रोजी, म्हणजे नाझींच्या छळछावणीतील बंदी मुक्त झाल्याच्या वर्षदिनी, पोलंडमधील आउश्वित्झ येथे पोहोचला. विसाव्या शतकाच्या दोन महाभयंकर स्थळांमधील अंतर मनुष्याने तुडविले पाहिजे, ही कल्पना ज्या संघास सुचली त्याच्या गुरूची गांधीजींशी भेट वर्ध्यास झाली होती, हे मी फिरून सांगत नाही.

उलट दिशेनेही वाहतूक चालू होती. १ जून १९६२ रोजी दिल्लीच्या राजघाटावरून सतीश कुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन या चार अण्वस्त्रधारी राजधान्यांस पायी जाण्यासाठी निघाले. वृद्ध बर्ट्रांड रसेल अणुबाँबविरुद्ध निदर्शने करून तुरुंगात जातो आणि आपण विशी-पंचविशीतील माणसे स्वस्थ बसतो, या विचाराने ते अस्वस्थ झाले होते. त्यांना आशीर्वाद दिला विनोबांनी, आणि आशीर्वादाबरोबर अटही घातली की जवळ पैसा बाळगावयाचा नाही. पवनारचा आश्रम सोडून विनोबा स्वतः १९५१ पासून भूदानासाठी पायीच हिंडत होते आणि १९६४ पर्यंत ते पवनारास परतले नाहीत, तेव्हा अट घालण्याचा अधिकार त्यांस होता. सोव्हिएत संघात चहाच्या कारखान्यातील एका बाईने या दोघांस चहाचे चार पुडे दिले आणि सांगितले की चारही राजधान्यांत हे पोहोचवा व तेथील पुढाऱ्यांस म्हणावे, बाँबची कळ दाबण्याचा विचार मनात आला तर आधी हा चहा करून घ्या. मुत्सद्द्यांच्या शेकडो खलित्यांपेक्षा मला हा निरोप अधिक शहाणपणाचा वाटतो. अमेरिकेचा प्रवास आटोपून दोघे जपानला गेले आणि टोकियोहून हिरोशिमापर्यंत पायी चालले. त्याच १९६२ च्या जूनमध्ये दिल्लीत गांधी शांती प्रतिष्ठानने अण्वस्त्रविरोधी परिषद भरविली आणि तिच्या वतीने वयोवृद्ध राजाजी सप्टेंबरात वॉशिंग्टनला जाऊन केनेडींस भेटले. पुढे १ मार्च १९६३ रोजी आपले शंकरराव देव चीनशी झालेल्या युद्धाचे व्रण ताजे असताना दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा घेऊन निघाले, पण चीनने यात्रेकरूंना सरहद्द ओलांडू दिली नाही. आणि १९६४ च्या ऑक्टोबरात चीननेच पहिला अणुस्फोट केला, तेव्हा या सगळ्या पायपिटीची चेष्टा करणारांस आपल्याकडे आयतेच साधन मिळाले.

या कथेत नागपूर शहराचा प्रत्यक्ष प्रवेश होतो तो एका भांडणामुळे. जपानच्या ओकायामा प्रांतात, म्हणजे हिरोशिमाला लागून असलेल्या मुलखात, १९३५ साली जन्मलेले सुरेई ससाई बाँब पडला तेव्हा दहाव्या वर्षात होते. १९६० नंतरच्या दशकात भारतात येऊन ते राजगीरच्या स्तूपाच्या कामात फुजींना मदत करू लागले, पण गुरुजींशी त्यांचे पटले नाही आणि ते परत जावयास निघाले. त्यांच्या सांगण्यानुसार वाटेत त्यांस स्वप्न पडले, आणि स्वप्नात नागार्जुनासारखी दिसणारी एक आकृती त्यांना नागपूरला जा म्हणाली. नागपुरास येऊन ते १९५६ च्या दीक्षासमारंभाची व्यवस्था पाहिलेल्या वामनराव गोडबोले यांच्या घरी पोहोचले, आणि तेथे भिंतीवर लावलेली बाबासाहेबांची तसबीर पाहून स्वप्नातील पुरुष हाच, अशी त्यांची खात्री पटली. स्वप्नाची शहानिशा इतिहासकाराने करावयाची नसते. इंदोऱ्याच्या बुद्धविहारात राहून हा जपानी मनुष्य भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई झाला, भारताचा नागरिक झाला, बोधगयेच्या महाबोधी विहाराच्या आंदोलनाचा पुढारी झाला, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर गेला आणि दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचा अध्यक्षही झाला. अर्थात ससाईंचे काम अण्वस्त्रांविरुद्ध नव्हते. ते धम्माचे व धम्मस्थळांच्या हक्काचे होते. पण फुजींच्या वाटेने भारतात आलेला मनुष्य स्तूप बांधण्यापेक्षा वस्तीत राहणे पसंत करतो, यावरून जपानमधून आलेल्या शांतीच्या संदेशाला नागपुरात कोणता आकार घ्यावा लागला हे कळते. पोटाचा आणि मानाचा प्रश्न ज्यांच्यापुढे रोज उभा आहे त्यांना केवळ युद्धाच्या अभावाला शांती म्हणून चालत नाही.

नागपूरच्या बौद्ध वस्त्यांतून दरवर्षी बुद्धपौर्णिमा मोठ्या प्रमाणावर साजरी होते. १९९८ मध्ये ती ११ मे रोजी आली, आणि त्याच दुपारी पोखरण येथे भारताने तीन अणुस्फोट केले. आणखी दोन १३ मे रोजी झाले. १९७४ च्या स्फोटाला बुद्धाच्या स्मिताचे नाव चिकटलेच होते, आता बुद्धाचा दिवसही कामास आला. मे संपण्यापूर्वी पाकिस्ताननेही चगाईच्या डोंगरात तेच केले. पेढे वाटणारे पुष्कळ होते. ज्यांनी वाटले नाहीत त्यांपैकी काही जणांनी दुसऱ्या वर्षी, ११ मे १९९९ रोजी, संदीप पांडे यांच्या पुढाकाराने पोखरणहून सारनाथपर्यंत पदयात्रा काढली आणि ६ ऑगस्टला, हिरोशिमादिनी, ती संपविली. मुंबईचे आनंद पटवर्धन यांनी पोखरणपासून हिरोशिमापर्यंत हिंडून आणि हिबाकुशांच्या साक्षी घेऊन 'जंग और अमन' हा माहितीपट २००२ मध्ये पुरा केला, आणि परीक्षण मंडळाने सुचविलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविल्यावरच तो लोकांस दाखविता आला. 'कोअॅलिशन फॉर न्यूक्लिअर डिसआर्मामेंट अँड पीस' ही देशभरच्या गटांची आघाडी २००० मध्ये दिल्लीत उभी राहिली आणि तिचे तिसरे राष्ट्रीय अधिवेशन २००८ च्या प्रारंभी नागपुरात भरले. अधिवेशनास जागा योग्य निवडली गेली असे म्हणावे लागते, कारण या एका टापूत सगळेच आहे: वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि त्याच जिल्ह्यात पुलगावचे अवाढव्य दारूगोळा भांडारही आहे, नागपुरात दीक्षाभूमी आहे, अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना आहे, आणि देशाच्या भूगर्भात युरेनियम शोधणाऱ्या अणुखनिज संचालनालयाची मध्य विभागाची कचेरीही आहे.

मे १९९८ च्या स्फोटांचा सर्वांत दूरचा प्रतिसाद नागासाकीत उमटला. तेथील नागरिकांच्या गटाने, ज्यात शिक्षक आणि हिबाकुशांची मुलेही होती, ठरविले की आता म्हातारी माणसे नव्हेत तर शाळेतील मुले संयुक्त राष्ट्रांकडे पाठवावयाची, आणि त्या वर्षी नागासाकीचे दोन हायस्कूल विद्यार्थी न्यूयॉर्कला गेले. हायस्कूलच्या या शांतिदूतांची परंपरा पुढे दरवर्षी चालू राहिली. नागासाकीबाहेरच्या प्रांतांतूनही मुले निवडली जाऊ लागली, २००० पासून ती जिनीव्हास जाऊ लागली, आणि २००१ मध्ये त्यांनी अण्वस्त्रांविरुद्ध दहा हजार सह्या गोळा करण्याची मोहीम सुरू केली; आजवर त्या सह्या वीस लाखांच्या पलीकडे गेल्या आहेत. आमची शक्ती अल्प आहे पण आम्ही निःशक्त नाही, अशा आशयाचे त्यांचे घोषवाक्य आहे. माझ्या दृष्टीने या हकिगतीतील विचार करण्याजोगी गोष्ट इतकीच की ही मुले घराबाहेर पडली ती अमेरिकेने पूर्वी केलेल्या संहाराच्या आठवणीने नव्हे, तर आपण व आपल्या शेजाऱ्याने नुकत्याच केलेल्या कृत्यामुळे. गुरुजींनी ज्या देशाला बुद्ध परत द्यावयाचा म्हटले होते, त्या देशाला जपानने आता आपल्या मुलांमार्फत जाब विचारला.

बाँबग्रस्तांची पिढी तोवर थकत आली होती. यामागुची सेंजी यांनी १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात आपल्या जळलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र हाती धरून पुन्हा हिबाकुशा होऊ नयेत म्हणून विनवणी केली होती; ज्यांच्या लाल उघड्या पाठीचे चित्र जगाने पाहिले ते नागासाकीचे तानिगुची सुमितेरु २०१७ मध्ये वारले. २०१२ पासून हिरोशिमा महापालिका अशा तरुण व मध्यमवयीन लोकांस शिक्षण देते की जे एखाद्या बाँबग्रस्ताची कथा वर्षानुवर्षे त्याच्यापाशी बसून ऐकतात आणि त्याच्या वतीने सांगण्याचा अधिकार मिळवितात. आपल्याकडील घराण्यांच्या गुरुशिष्यपरंपरेशी परिचित असणाऱ्यास हे विचित्र वाटणार नाही. ७ जुलै २०१७ रोजी १२२ राष्ट्रांच्या मतांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्या वाटाघाटींत भारत गेला नाही, आणि जपानही गेला नाही. २०२४ चे नोबेल शांती पारितोषिक हिदांक्योस मिळाले आणि १० डिसेंबरला ऑस्लो येथे वयाच्या ९२ व्या वर्षी तानाका तेरुमी यांनी भाषण केले. २०२५ च्या मार्चअखेर जपान सरकारच्या दफ्तरी नोंदलेल्या हिबाकुशांची संख्या प्रथमच एक लाखाखाली उतरली आणि त्यांचे सरासरी वय ८६ च्या वर गेले.

जिनीव्हास जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र एक सरकारी हकिगत सांगावयाची राहिली. २०१४ पासून तीन वर्षे जपान सरकारने शांतिदूतांपैकी एकाला आपल्या शिष्टमंडळाचा तात्पुरता सदस्य करून निःशस्त्रीकरण परिषदेपुढे बोलण्याची परवानगी दिली. २०१७ मध्ये, म्हणजे अण्वस्त्रबंदीचा करार संमत झाल्यानंतर लगेचच्या ऑगस्टात, ही परवानगी मिळाली नाही. मुले तरीही गेली. परिषदेच्या सभागृहात त्यांना बसता आले, बोलता आले नाही. आणि बरोबर आणलेले सह्यांचे गठ्ठे त्यांनी नेहमीप्रमाणे संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत दाखल केले, जेथे ते पूर्वीच्या वर्षांच्या गठ्ठ्यांसह जमा होतात.